चीज-बटाट्याचा बेक चाळीस माणसांना: ओव्हनकडे फक्त वरचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काकी, आम्ही पणजीला फ्लॅटमध्ये राहतो, मूळ घर सत्तरीत. चवथीचे पाचही दिवस सगळे तिथेच असतात. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी रात्री मुलांसाठी म्हणून अमेरिकेतल्या चुलतबहिणीने पाठवलेल्या कृतीने चीज-बटाट्याचा कॅसरोल केला. वरून करपला, खाली बटाटे कच्चे, मध्ये दूध नासल्यासारखं आणि वर तेल तरंगत होतं. यंदा माणसं चाळीस, त्यांत मुलं पंधरा. माझा ओटीजी २८ लिटरचा. घरात पाच दिवस कांदा-लसूण नाही. जमेल का? आणि उरलं तर काय करू?"

जमेल, बाय. फोंड्यात गेली चोवीस वर्षं मी घरगुती ऑर्डरी घेते. बारशापासून साखरपुड्यापर्यंत हा पदार्थ इतक्या वेळा केलाय की तू लिहिलेलं वाचताना तो ट्रे डोळ्यांसमोर आला. चारही दोषांचं मूळ एकच आहे. कच्च्या बटाट्यापासून शेवटच्या रंगापर्यंत सगळं काम तू ओव्हनवर टाकलंस. २८ लिटरच्या ओटीजीला ते झेपत नाही. वरची कांडी ट्रेच्या डोक्यावर जेमतेम चार-पाच बोटांवर असते. आतला बटाटा शिजेपर्यंत वरचं चीज जळणारच.

बहिणीची कृती मात्र चुकीची नाही. तिकडे हा पदार्थ फ्रोझन किसलेल्या बटाट्यांचा करतात, आणि ते बटाटे कारखान्यातच अर्धे शिजवून गोठवलेले असतात. त्यावर डब्यातलं दाट सूप ओततात. त्या सुपात पीठ किंवा स्टार्च असतोच, म्हणून सॉस फाटत नाही. तू फ्रोझनच्या जागी कच्चा बटाटा किसलास आणि सुपाच्या जागी दूध-दही घातलंस. दोन्ही बदल साहजिक होते, आपल्याकडे सगळे तेच करतात. पण त्या दोन वस्तू ज्या कामासाठी होत्या, ते काम करायला मग कृतीत कोणी उरलंच नाही.

आंबटाचंही तसंच. आंबटात भाजी मऊ होत नाही, म्हणूनच खतखत्याच्या मिश्र भाजीत सोलं, म्हणजे कोकमं, शेवटी पडतात ना? कच्चा बटाटा दह्यात ठेवून तासभर भाजला तरी तो करकरीत राहतो. आंबटपणामुळे बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळायला तयार होत नाही. तुझे बटाटे कच्चे राहिले ते यामुळेही. आणखी अर्धा तास ठेवले असते तरी फारसा फरक पडला नसता.

अमेरिकेत, विशेषतः यूटा राज्यात, हा पदार्थ मयताघरच्या जेवणाला नेतात. तिथे त्याचं ‘फ्युनरल पोटॅटोज’ हे नावच त्यावरून पडलंय. २००२ साली सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा आठवण म्हणून विकल्या गेलेल्या पिनांतही या पदार्थाची पिन होती. चवथीच्या घरात हे सांगत बसायची गरज नाही. पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. एका घरी तयारी करून दुसऱ्या घरी न्यायचा, थोडा थांबला तरी न बिघडणारा आणि सगळ्या वयांची माणसं खातील असा हा पदार्थ आहे. पणजीहून सत्तरीला जाणाऱ्या सुनेला याहून सोयीचं काय असणार?

आता बटाटा. चाळीस माणसांना, बाकीचं जेवण असताना, चार किलो पुरे. भाद्रपदात बाजारात येणारा बराचसा बटाटा शीतगृहातला असतो. खूप थंडीत राहिल्याने त्यातल्या स्टार्चची थोडी साखर झालेली असते. म्हणून तो गुळचट लागतो आणि पटकन काळपट होतो. आठ-दहा दिवस आधी आणून ठेव. टोपलीत, अंधारात, हवा लागेल असा. फ्रीजमध्ये अजिबात नको. बाहेर राहिला की ती साखर बरीच उतरते. खात्री करायची असेल तर एक चकती तव्यावर तेलात परतून बघ. पिवळसर सोनेरी झाली तर ठीक, लगेच तपकिरी झाली तर आणखी चार दिवस थांब. हिरवट पडलेले आणि लांब कोंब आलेले सरळ बाजूला काढ.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बटाटे सालासकट उकड. कुकर नको. शिट्ट्यांच्या हिशेबात बाहेरचा भाग फुटतो, पाणी पितो, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचंय. मोठ्या तोपात गार पाण्यात बटाटे घाल, भरपूर मीठ घाल, मग गॅस पेटव. उकळत्या पाण्यात सोडलेस तर बाहेरून लगदा होतो आणि मध्ये गाठ राहते. पाणी उकळलं की आच कमी कर. सुरी आत जाताना शेवटच्या टोकाला जरा अडली पाहिजे. मध्यम बटाट्याला उकळी आल्यापासून वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा सुरीवर विश्वास ठेव. पाणी काढून टाक, पसरून गार होऊ दे आणि सालासकट रात्रभर फ्रीजमध्ये ठेव.

ही रात्र वगळू नकोस. गरम उकडलेला बटाटा किसला तर चिकट गोळा होतो. रात्रभर गार झालेल्या बटाट्यातला स्टार्च आवळून बसतो, आणि सकाळी मोठ्या भोकांच्या किसणीवर त्याचे सुटे, लांब धागे पडतात. फ्रोझन पाकिटात जे मिळतं ते हेच, आणि ते आपल्याला घरच्या घरी मिळतं. साल काढायला मुलांना सोप्यावर बसव. गार बटाट्याचं साल नखानेही सुटतं. किस न दाबता परातीत पसर आणि त्यावर दोन सपाट मोठे चमचे मीठ व भरड मिरी भुरभुरव.

सॉसला दोन लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध, दीडशे ग्रॅम लोणी, दीडशे ग्रॅम मैदा. लोणी वितळलं की मैदा घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परत. कच्चा वास गेला पाहिजे, रंग बदलता कामा नये. दूध कोमट असू दे. पहिला पाव लिटर घालून गुठळी पूर्ण मोडल्याशिवाय पुढचं दूध घालू नकोस. एवढं एक सांभाळलं की गुठळ्या होत नाहीत. सगळं दूध गेलं की सहा-सात मिनिटं खदखदू दे. बरेच जण दाट झालं की लगेच उतरवतात, आणि मग जेवताना टाळूला पिठाची चव लागत राहते. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं आणि रेघ तशीच राहिली की झालं.

कांदा-लसूण नसल्याने चव कमी पडेल अशी तुला भीती वाटत असेल. मला उलटं वाटतं. या सॉसला जायफळ लागतं, आणि ते आपल्या कुळागरातलं असलं तर दुसरं काही आठवतही नाही. सावईवेऱ्याकडच्या बागांतलं जायफळ पत्रीसकट मिळालं तर घेऊन ठेव. अर्धं जायफळ ऐनवेळी किसून घाल. पूड करून ठेवलेल्या जायफळात राम नसतो. सोबत दोन-तीन हिरव्या मिरच्या बारीक चिरून लोण्यातच टाक, मैद्याच्या आधी. हिंग नको, दुधाच्या सॉसमध्ये तो वेगळाच बसतो. आलं चालेल, पण अगदी थोडं.

आता चीज. एकूण सातशे ग्रॅम. त्यातलं पाचशे प्रोसेस्ड, म्हणजे अमूलची अर्ध्या किलोची वडी. ते किसून सॉसमध्ये घाल, गॅस बंद केल्यावर. प्रोसेस्ड चीजला लोक नाकं मुरडतात, पण इथे तेच हवं. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते चीजमधलं प्रथिन आणि चरबी एकमेकांपासून सुटू देत नाहीत. म्हणून हा सॉस दुसऱ्या दिवशी परत गरम केला तरी तेल सोडत नाही. तुझ्या ट्रेवर तेल तरंगलं, कारण तू सगळं मुरलेलं चेडार वापरलंस आणि ते तासभर कडक आचेत ठेवलंस. चेडारला चव आहे, पण एवढा वेळ सोसायची ताकद नाही. म्हणून उरलेलं दोनशे ग्रॅम, चेडार आणि मोझरेला निम्मं-निम्मं, फक्त वर भुरभुरवायचं. नुसतं मोझरेला नको. ताटात येईपर्यंत तार छान निघते, गार झालं की रबर होतं. आणि आपल्या पंगतीत शेवटचं पान वाढेपर्यंत पहिलं पान गार झालेलं असतं.

एक गोष्ट चवथीपुरती. आखातातून सुट्टीला येणारं कोणी ना कोणी चीजचा निळा डबा घेऊन येतंच. एरवी या सॉसला तो उत्तम, फार मऊसूत होतो. पण चीज जमवायला काही ठिकाणी वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, आणि परदेशी डब्यावर आपल्याकडचा हिरवा ठिपका नसतो. त्या पाच दिवसांत ठिपका बघूनच घे. नैवेद्याचा प्रश्न नसला तरी घरातल्या थोरल्या माणसांना आधी विचार. त्यांनी हो म्हटल्यावर सगळे मोकळेपणाने जेवतात.

सॉस उथळ परातीत ओतून लवकर गार कर आणि डब्यात भर. पृष्ठभागाला लोण्याचा हात लावलेला बटर पेपर चिकटव, नाहीतर साय धरते आणि ती नंतर गुठळीसारखी फिरते. पावसाळा असला तरी आपल्याकडची हवा उबदार आणि दमट असते. दुधाचा पदार्थ आणि उकडलेला बटाटा दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचा नाही. सॉस पणजीला करून नेणार असशील तर बर्फाच्या पेटीतून, गारच ने. कोमट भांडं टॉवेलात गुंडाळून तासभर गाडीत नेणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

ओटीजीही सोबत नेणार असशील तर आधी जुन्या घरातले प्लग बघ. हे मी स्वयंपाकाइतकंच गंभीरपणे सांगते. अशा घरांत बरेचसे सॉकेट सहा अँपिअरचे असतात, म्हणजे जेमतेम तेराशे वॅटपर्यंतचे. २८ लिटरचे बरेच ओटीजी दीड हजार वॅटच्या आसपास असतात. त्याला सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो. पंपाचा किंवा गीझरचा असेल तो शोधून ठेव, आणि ओटीजी चालू असताना त्या लाइनवर दुसरं काही लावू नकोस. एक्स्टेन्शन बोर्डवर तर कधीच नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फक्त जोडणी उरते. सॉस मंद आचेवर कपभर दूध घालून ढवळत गरम कर. चारशे ग्रॅम चक्का फेटून ठेव, तो फ्रीजमधून तासभर आधी काढलेला असू दे. सॉस चांगला गरम झाला की गॅस बंद कर आणि चक्क्यात सॉसचे चार डाव घालून एकजीव केल्यावर तो सगळ्या सॉसमध्ये मिसळ. दह्याचा आंबूसपणा चीजचा जडपणा तोडतो. बटाटा आता शिजलेला असल्याने आंबटाची भीती उरली नाही. मग किसलेला बटाटा, हलक्या हाताने. चव बघ. प्रोसेस्ड चीज खारट असतं, म्हणून वरून मीठ घालायचं असेल तर आत्ता घाल, आधी नको. हे मिश्रण तोपातच मंद आचेवर पाच मिनिटं ठेव, तळ न लागू देता, मधूनही वाफ येईपर्यंत. म्हणजे ट्रेमध्ये जाताना ते पूर्ण गरम असेल.

बारा बाय नऊ इंचांचे तीन ट्रे लागतील. थर साडेतीन-चार सेंटिमीटरच्या वर नेऊ नकोस. खोल भांड्यात भरलेला बेक फोटोत चांगला दिसतो, पण त्याचा मधला भाग कधीच नीट होत नाही. ट्रेला लोणी लाव. काचेचं भांडं वापरणार असशील तर फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नकोस, तडकतं.

ओटीजी दोनशे अंशांवर पंधरा मिनिटं तापव. दोन्ही कांड्या चालू, ट्रे खालून दुसऱ्या खाचेत. वर चीज आणि कुरकुरीत थर घालून वीस ते पंचवीस मिनिटं. कडेला बुडबुडे आले आणि वर सोनेरी झालं की काढ. एका वेळी एकच ट्रे मावतो, म्हणजे सगळं मिळून सव्वा-दीड तास. पहिला ट्रे फॉइलने सैल झाकून जाड टॉवेलात ठेव, आतून गरमच राहतो. घट्ट झाकलास तर वाफेने वरचा कुरकुरीतपणा जातो. शेवटचा ट्रे आरतीनंतर लाव आणि मोठ्यांच्या पंगतीला काढ. मुलांना पहिला.

वरच्या थराला अमेरिकेत मक्याचे पोहे, म्हणजे कॉर्नफ्लेक्स, लोण्यात घोळवून घालतात. आपल्या पावसात ते पाकीट फोडल्यापासून तासाभरात मऊ पडतात. मी कांकणं वापरते. पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, ती कडक, गोल, बांगडीसारखी. आठ-दहा कांकणं कापडात गुंडाळून लाटण्याने भरड कुटायची, पूड नाही, आणि चार मोठे चमचे वितळलेल्या लोण्यात घोळवायची. ती मुळातच दोनदा भाजल्यासारखी कोरडी असतात, म्हणून भिजट हवेतही टिकतात आणि दाताखाली छान वाजतात. कांकणं मिळाली नाहीत तर कालचा उंडो, म्हणजे गोल पाव, कुस्करून तव्यावर कोरडा भाजून घे. ताजा पाव नको.

मका, मटार, गाजर घालायचे असतील तर वाफवून, पूर्ण कोरडे करून, एकूण पाऊण किलोपर्यंत. मश्रूम आधी परतून त्याचं पाणी आटव. पण ओळमी, म्हणजे पावसातली रानअळंबी, यात घालू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी. त्या दिवसांत रस्त्याकडेला पानांवर मांडलेली ओळमी दिसली तर घे आणि नारळाच्या वाटपात कर. वर्षातून काही दिवसच मिळणारा तो वास चीजखाली गाडायचा नसतो.

वीज गेली तर? पावसाळ्यात हे धरूनच चालायचं. माझ्या एका ऑर्डरीच्या घरी, साठ माणसं जेवायची असताना, दुसरा ट्रे आत गेला आणि वीज गेली. त्या घरातल्या आजींनी विचारलं, "तवसळी कशी भाजतो?" आणि त्या स्वतःच उठल्या. (तवसळी म्हणजे आपला काकडीचा केक.) जाड बुडाचा तोप, आत उलटी ताटली, त्यावर भांडं. वर पितळी झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. खाली आच अगदी कमी. मिश्रण आधीच गरम असल्याने फक्त वरून धग हवी होती. वीस मिनिटांत ओटीजीपेक्षा सुंदर रंग आला, आणि करवंटीच्या धुराचा किंचित वासही. तेव्हापासून कोणत्याही जुन्या घरी गेले की मी आधी करवंट्या कुठे ठेवल्यात ते विचारून घेते. तुझ्या सासरच्या माजघरातही असा तोप असेलच. आदल्या दिवशी काढून घासून ठेव. झाकण सपाट आणि काठाचं हवं, निखारे घसरता कामा नयेत. आणि मुलांना त्या कोपऱ्यापासून लांब ठेव.

ओव्हनमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांब, मगच सुरी लाव. त्या वेळात सॉस बसतो आणि चौकोनी वड्या निघतात. लगेच वाढलंस तर ताटात पसरतो. सोबत गोड काही नको. तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं, काकडीची कोशिंबीर आणि शेवटी सोलकढी. चीज खाऊन तोंड जड होतं, ते सोलांनी सुटतं.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाक. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असतानाच त्याच्या वड्या काप, दोन्ही बाजूंना तांदळाचं पीठ किंवा रवा लाव आणि लोखंडी तव्यावर थोड्या तेलात खरपूस परत. पहिली बाजू पूर्ण लाल होईपर्यंत उलटू नकोस, मोडते. गरम उंड्यात घालून दे. पाचव्या दिवशी विसर्जनाच्या गडबडीत मुलांच्या न्याहारीचं काम यात होतं. माझ्या पुतण्यांसाठी मी हल्ली चार वड्यांपुरता बेक आधीच वेगळा काढून ठेवते, कारण उरेल याचा भरवसा नसतो.